एकच खूण, एकच कोपरा: इंदूरच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सांवेर रोड, पोलोग्राउंड आणि पीथमपूर इथले नमकीन, मसाले, साबण-फिनाइल, औषधे आणि घरगुती सामान बनवणारे कारखानदार, तसेच सियागंजातली घाऊक व्यापारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी तुमचा माल विकणारा माणूस आहे. लोकमान्य नगरात आमचे किराणा दुकान वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुले आज तुमच्याकडे पॅकिंग, साचे, छपाई आणि डिझाइनच्या कामावर आहेत आणि त्यांनी हे आधी वाचावे असे मला वाटते. शेठ लोकांसाठी हिंदी प्रत वेगळी पाठवतोच आहे.

तुमच्या मालाबद्दल माझी तक्रार नाही. इंदूरच्या शेवेत खोट काढील तो इंदूरचा नव्हे. तक्रार आहे ती पाकीट, बाटली, झाकण आणि छापलेल्या तारखेबद्दल. हे सगळे ज्याने ठरवले त्याच्या डोळ्यांसमोर एकच गिऱ्हाईक असावे: दोन्ही हात धड, बोटांत जोर, नजर तीक्ष्ण. अशी गिऱ्हाइके माझ्याकडेही येतात. पण संधिवाताने बोटे वाकलेल्या काकूही येतात. पीथमपूरला पॉवर प्रेसवर तीन बोटे गेलेला एक जण येतो. पक्षाघातानंतर एकाच हातावर सगळे निभावणारे एक निवृत्त बाबू येतात. शाळेत संगीत शिकवणारे एक जन्मांध सर येतात आणि सगळ्यांत चोख हिशेब त्यांचाच असतो. या मंडळींसाठी आमच्या काउंटरला दोरीने कात्री बांधलेली आहे. ‘भैया, जरा फोडून द्या,’ हे वाक्य दिवसातून कितीदा कानावर येते ते मोजायचे मी सोडून दिले आहे.

फोडून द्यायला माझी ना नाही. पण पाकीट दुकानात फुटले की आतला नायट्रोजन तिथेच उडून जातो, आणि पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशी शेव सादळते. म्हणून ज्याला घरी पाकीट उघडता येत नाही तो अर्ध्या किलोचे घेतच नाही. तो छोटे पाकीट घेतो आणि छोटे पाकीट वजनाच्या हिशेबाने नेहमीच महाग पडते. हाताला जोर कमी म्हणून माणूस रोज थोडे जास्त पैसे मोजतो आणि हे तुमच्या विक्रीच्या कागदावर कुठेच दिसत नाही. तिथे फक्त ‘छोट्या पाकिटाला मागणी चांगली’ एवढेच दिसते.

पाकीट का फाटत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार? बाहेर छपाईची फिल्म, मध्ये चकचकीत थर, आत सील होणारे प्लास्टिक. आतला थर रबरासारखा ताणला जातो, फाटत नाही. त्यासाठीच सीलच्या कडेला बारीक खाच असते. पण ती असते कुठे? एका कंपनीची वर डावीकडे, दुसरीची उजवीकडे मध्यावर, तिसरीने कड दातेरी ठेवून खाचेला सुट्टी दिलेली. चौथीची खाच इतकी बारीक की मलाच चष्मा लावून शोधावी लागते. खाच पाडणारा पंच मशीनवर आधीच बसलेला असतो. तो कुठे बसवायचा एवढेच ठरवायचे आहे.

आणि इथेच माझी मुख्य मागणी आहे. ती कुणा एका कंपनीकडे नाही, म्हणून हे पत्र खुले आहे. बोटांना खूण तेव्हाच कळते जेव्हा ती सगळीकडे सारखी असते. प्रत्येकाने आपापली हुशारी दाखवून वेगळी खूण काढली तर अंध माणसाला ती दर ब्रँडला नव्याने शिकावी लागेल आणि मग तो शिकणारच नाही. तुम्ही एकत्र बसून एक कोपरा ठरवा. वर उजवीकडे म्हणा, डावीकडे म्हणा, माझा आग्रह नाही. पण नमकीन असो, मसाला असो की साबणाची पूड, खाच त्याच कोपऱ्यात, बोटाच्या पेराला सहज लागेल एवढी.

हे कुणी केलेलेच नाही असे नाही. जपानच्या काओ कंपनीने १९९१ साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला आडव्या खाचा घातल्या. डोके धुताना डोळे मिटलेले असतात, तेव्हा हातात शाम्पू आहे की कंडिशनर हे कळावे म्हणून. मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती पुढची. त्या खाचांवरचा हक्क कंपनीने स्वतःपाशी ठेवला नाही, इतरांना वापरू दिला. आज तिथे जवळपास सगळ्यांच्या शाम्पूला खाचा असतात, कंडिशनर कोरे असते आणि पुढे अंगाच्या साबणाला एक सरळ रेघ आली. अमेरिकेत हर्बल एसेन्सेस या ब्रँडच्या बाटल्यांवर २०१९च्या सुमारास शाम्पूला रेघा आणि कंडिशनरला ठिपके आले. त्यामागे तो ब्रँड बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या, दृष्टी गेलेल्या एक बाई होत्या. चांगलेच झाले, पण बघा, दोन देशांत दोन पद्धती झाल्या. आपल्याकडे अजून एकही रुळलेली नाही, म्हणून सुरुवातीलाच एक ठरवता येईल. उशिरा येण्याचा एवढा तरी फायदा घेऊ.

वर सांगितलेल्या संगीताच्या सरांनी स्वतःची पद्धत काढली आहे. शाम्पूला एक रबरबँड, फिनाइलला दोन, तेलाला काही नाही. ते मी दुकानातच लावून देतो. ओल्या बाथरूममध्ये रबर लवकर कुजते आणि तुटून पडते, मग वासावर भागवायचे. आता तुमचे फिनाइल लिंबाच्या वासाचे, भांड्यांचा साबण लिंबाच्या वासाचा आणि नव्याने आलेला एक शाम्पूही लिंबाच्याच वासाचा! वासाचाही आधार गेला.

फिनाइल आणि संडास साफ करायच्या ॲसिडबद्दल मात्र मी हात जोडून नाही, जरा आवाज चढवून बोलणार आहे. स्थानिक फिनाइल बऱ्याचदा ज्या पांढऱ्या बाटलीत भरले जाते, त्याच आकाराच्या बाटलीत मी गुलाबजल विकलेले आहे. झाकण तेच, गळा तोच, फक्त कागदी लेबल वेगळे, आणि ते भिजले की निघून येते. डोळस माणूसही रात्री दिवे गेल्यावर फसेल. युरोपात घातक रसायनाच्या बाटलीवर बोटाला लागेल असा उठावाचा त्रिकोण लागतो; त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ११६८३. त्याला ब्रेल वाचता यावी लागत नाही, भाषा लागत नाही. त्रिकोण लागला की झाकण उघडायचे नाही, बस्स. सांवेर रोडच्या बाटल्या बनवणाऱ्यांना हे काम किती सोपे आहे ते मी सांगायला नको, पण शेठ लोकांसाठी लिहितो: बाटलीवर उठाव हवा असेल तर साच्यातला धातू कोरून काढायचा असतो, भरायचा नसतो. म्हणजे जुन्या साच्यावरही होते. उलट बाटलीवर खोलगट खूण हवी असेल तर साच्यात धातू वाढवावा लागतो, ते कटकटीचे. म्हणून खूण उठावाचीच ठेवा.

ब्रेलचे नाव निघाले की मंडळींना वाटते काम झाले. ब्रेल हवीच, पण मधुमेहाने किंवा काचबिंदूने साठीत नजर गेलेल्या माणसाला ब्रेल कुठून येणार? आमच्या गल्लीत अशी माणसे आहेत. त्यांना रेघ कळते, त्रिकोण कळतो, झाकणाचा आकार कळतो. सहा ठिपक्यांची लिपी शिकायला वय आणि शिक्षक दोन्ही लागतात.

औषधांचे कारखाने तर आपल्या दारात, पीथमपूरला. युरोपने २००४च्या निर्देशाने औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव सक्तीचे केले. तुमच्यापैकी जे तिकडे माल पाठवतात त्यांना ही छपाई नवी नाही. पण तीच पद्धत इथे जशीच्या तशी आणली तर उपयोग किती? आपल्याकडे खोके दुकानदाराकडेच राहते. गिऱ्हाइकाच्या हातात पट्टी जाते, तीही पुष्कळदा कापलेली. दहातल्या चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर. माझा मावसभाऊ दवा बाजारात आहे, तो म्हणतो, ‘ज्याला दिसते त्यालाही कापलेल्या पट्टीवरून गोळी ओळखता येत नाही.’ म्हणजे इथली खूण पट्टीवर हवी, आणि एका जागी नको, प्रत्येक गोळीच्या मागच्या फॉइलवर हवी. निदान रक्तदाब, साखर आणि झोप या तीन गोळ्यांच्या पट्ट्या हाताला वेगळ्या लागतील एवढे तरी करा. एका घरात या तिन्ही असतात, आणि त्या घेणाऱ्याची नजर बहुधा अधू असते.

१ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे औषध-ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही अंध ग्राहकांसाठी पाकिटावर क्यूआर कोड घालावा असे सुचवले. मोबाइल वाचून दाखवतो, हे खरेच मोठे काम आहे. आमचे सर फोनवर बोटे फिरवतात त्या वेगाने मला वाचताही येत नाही. पण कोड पाकिटावर आहे तरी कुठे हे त्यांना कसे कळणार? पाकीट गोल गोल फिरवत, कॅमेरा अंदाजाने धरत बसायचे. सापडला तर उघडते काय, कंपनीची जाहिरात आणि दिवाळीची ऑफर. कोडभोवती चार उठावाच्या रेघा द्या, तो त्याच ठरलेल्या कोपऱ्यात ठेवा, आणि उघडल्यावर पहिल्या ओळीत वस्तूचे नाव, मुदत, घटक आणि किंमत येऊ द्या. ऑफर खाली जाऊ दे. खरे सांगायचे तर मला कोडचे फार कौतुक नाही. आधी खाच, आधी त्रिकोण. फोनची बॅटरी संपते, बोटे बरोबर असतात.

तारखेची छपाई हा तर विनोद आहे. चकचकीत चांदीच्या फिल्मवर करड्या ठिपक्यांत मुदत, आणि तीही नेमकी सीलच्या घडीत. ‘किंमत व तारखेसाठी पाकिटाच्या वर पाहा’ असे खाली लिहिलेले असते, आणि वर पाहिले तर काही नसते. पांढरा चौकोन ठेवून काळ्यात छापायला फार तर छपाईचे ब्लॉक बदलावे लागतील. मोतीबिंदू झालेले अर्धे मोहल्ले तुम्हाला दुवा देतील.

विजेच्या सामानाबद्दल मी थोडक्यात बोलतो, तो माझा धंदा नाही. पण जेल रोडवरून घरी जे येते त्याला आता बटणच नसते. काचेवर बोट ठेवायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. शेगडीचे तसेच, वॉशिंग मशीनचे तसेच. शेजारच्या एका मावशींनी, नजर अंधुक झाल्यावर, मशीनच्या काचेवर सुरू करायच्या जागी टिकली चिकटवली आहे. मोठ्या कारखान्याच्या सगळ्या डिझाइन विभागाला जे सुचले नाही ते टिकलीच्या पाकिटाने केले. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ‘बीप’ कशाच्या उपयोगाची? सोबत दिवा लुकलुकू द्या.

उलटी बाजूही सांगायला हवी. दुकानात पैसे आले की बोलून सांगणारा तो छोटा डबा आहे ना, तो कुणी दिव्यांगांसाठी काढला नव्हता. गर्दीत दुकानदाराला फोन बघायला वेळ नसतो म्हणून आला. पण अंध दुकानदाराला त्याने किती मोकळे केले! तेच कार्ड घासायचे नवे यंत्र बघा: गुळगुळीत काच, आकड्यांचा उंचवटा नाही, पाचावरचा ठिपका नाही. आमच्या सरांना पिन दुसऱ्याला सांगावा लागतो. जुन्या बटणांच्या यंत्रावर ते स्वतः दाबत असत. रिझर्व्ह बँकेने २०१४च्या जुलैपासून नव्या एटीएमना बोलणे आणि ब्रेलची बटणे सक्तीची केली. २०१९ साली सरकारने हाताने ओळखता येतील अशी नाणी काढली, त्यातले वीस रुपयांचे बारा कोनांचे आहे. पैसा ओळखू यावा याची काळजी घेतली गेली. त्या पैशाने घेतलेली वस्तू ओळखू यावी, हे मात्र कुणाकडेच नाही.

कायद्याचे म्हणाल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, २०१७च्या एप्रिलपासून लागू आहे. त्याच्या ४३व्या कलमात सर्वांना वापरता येतील अशा रोजच्या वस्तू बनवायला आणि पोहोचवायला सरकारने चालना द्यावी असे लिहिले आहे. जबाबदारी सरकारवर आहे, तुमच्यावर थेट नाही. पाकिटाची खाच तपासायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात नुसत्या सूचनावजा नियमांनी भागणार नाही, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, किमान मानक सक्तीचेच हवे, असे म्हटले. त्यामुळे आज ना उद्या हे दार ठोठावले जाणार. तेव्हा दिल्लीहून आलेल्या मापाप्रमाणे सगळे साचे घाईत बदलण्यापेक्षा इंदूरने आधी करून दाखवलेले माप दिल्लीने घेतले, तर धंद्यालाही बरे.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘दिव्यांगांसाठी खास’ म्हणून वेगळे पाकीट काढू नका. ते महाग असेल, माझ्या रॅकवर त्याला जागा नसेल, आणि ज्याला हवे त्याला ते मागायला लाज वाटेल. बटाट्याची साल काढायचा जाड रबरी मुठीचा पीलर ऑक्सो कंपनीने १९९० साली अमेरिकेत आणला. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता, त्यावरून ते सुचले. पण तो रुग्णांच्या दुकानात नाही, साध्या भांड्यांच्या दुकानात विकला गेला, आणि ज्यांचे हात ठणठणीत होते त्यांनीच तो जास्त घेतला.

तुमच्यापैकी काही जण दर वर्षी ट्रायसिकली वाटतात. मंडप, बॅनर, फोटो. त्यावर टीका करत नाही, ट्रायसिकल लागतेच. पण स्वतःच्या नेहमीच्या धंद्यावरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या खर्चात, धरता येत नाही, हे तुमचे सीए तुम्हाला सांगतीलच. म्हणजे खाचेचा, त्रिकोणाचा खर्च पॅकिंगच्या खात्यातच पडेल. पडू दे. तो धर्मादाय नाहीच, तो मालाचा भाग आहे.

कुणी म्हणेल, असे लोक असून असून किती? २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी, म्हणजे शेकडा २.२१. त्यात संधिवाताच्या काकू मोजल्या गेल्या असतील असे मला वाटत नाही. हात भाजून पट्टी बांधलेली सून, कडेवर पोर घेऊन एका हाताने दुधाची पिशवी उघडणारी आई, यांना तर कुठलीच जनगणना मोजत नाही.

आणि ‘सगळ्यांनी एकच पद्धत पाळणे आपल्याकडे जमायचे नाही,’ हे इंदुरात तरी कुणी बोलू नये. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे सगळ्या शहराने एकदम शिकून दाखवले, आणि २०१७ पासून स्वच्छतेत आपले नाव वर आहे ते त्यामुळेच. त्यातही एक उणीव आहे, जाता जाता सांगतो: हिरवा डबा आणि निळा डबा यांत फरक फक्त रंगाचा. आकार सारखा, झाकण सारखे. आमच्या सरांनी निळ्याच्या कडीला सुतळी बांधली आहे. डबे बनवणारेही तुमच्यातच असतील. एकाच्या झाकणावर मधोमध एक उंच रेघ येऊ दे.

आता कामाचे. रविवारी दुपारी दोननंतर माझे दुकान बंद असते. मागच्या खोलीत दहा-बारा जणांना बसता येते. तुमच्यापैकी जे कुणी तयार असतील त्यांनी आपापल्या पॅकिंगच्या माणसाला नमुने घेऊन पाठवावे. छापील नसले तरी चालेल, कोरी पाकिटे आणि कोऱ्या बाटल्याच बऱ्या, म्हणजे ब्रँड बघून कुणी भिडेखातर बोलणार नाही. उघडून बघायला मी माझी गिऱ्हाइके बोलावतो: सर, काकू, पॉवर प्रेसवाला, बाबू आणि मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एक ताई. त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्यावे लागतील. तुम्ही डिझाइनवाल्यांना देता तसे, चहा-पोह्यांवर नाही. पोहे मी देईन. खाच कुठल्या कोपऱ्यात आणि त्रिकोण किती उंच एवढे दोनच विषय पहिल्या बैठकीला ठेवू. एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातले किंवा सिमरोलच्या आयआयटीतले कुणी विद्यार्थी मोजमाप घ्यायला आले तर उत्तम. येणाऱ्यांनी दुकानावर आदल्या दिवशी निरोप ठेवावा, म्हणजे खुर्च्या मागवता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक किराणा दुकानदार
लोकमान्य नगर, इंदूर